मुलांच्या मनासाठी उघड्यावरची कला : कोकणातल्या शाळेत सुरुवात कशी करावी

सहा शनिवार, दर वेळी दीड तास, मुलांना उघड्यावर माती, पाने आणि वाळू घेऊन मनासारखे काही करू द्यायचे, असा हा उपक्रम. त्याचे हे मार्गदर्शन कोकणातल्या शाळांचे शिक्षक, गावातले स्वयंसेवक आणि आठवड्यातला दीड तास काढू शकणारे पालक यांच्यासाठी आहे. चित्रकला यायलाच हवी असे नाही, मानसशास्त्राची पदवीही नको. लागतात एक जागा, सहा शनिवार, आणि मुलाने काही काढले की लगेच ‘हे काय काढलंस?’ असे न विचारण्याची सवय. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड आहे. ती जमली तर बाकीचे चुकले तरी सांभाळून घेता येते.

आधी मर्यादा. हा उपचार नव्हे. नैराश्य, फिट्स, स्वतःला इजा करून घेणे यांवर माती आणि पाने हे औषध नाही, आणि तसे पालकांना सांगूही नये. मग याने होते काय? वर्गात मूल दिवसभर मोजले जाते: गुण, हजेरी, अक्षर, उत्तर. इथे दीड तास त्याला कोणी मोजत नाही. हात कामात गुंतलेले असतात, समोरच्याच्या डोळ्यांत बघावे लागत नाही, त्यामुळे बोलणे सोपे होते आणि गप्प राहणेही सोपे होते. वडील मुंबईला, आई कामावर, घरी आजी-आजोबा, अशा घरातल्या मुलाला दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच झाडाखाली, तेच माणूस भेटणे हीच मोठी गोष्ट असते. म्हणून दर वेळी नवी जागा दाखवण्याचा मोह आवरा. सहल वेगळी, हे वेगळे.

जागा

शाळेपासून चालत दहा मिनिटांच्या आत, शौचालय जवळ, आणि मोबाइलला रेंज. या तीन अटींत बसणारी साधी जागा लांबच्या सुंदर जागेपेक्षा चांगली. शौचालयाची अट सोडली तर सहावी-सातवीच्या मुली तिसऱ्या आठवड्यापासून यायच्या बंद होतात, आणि कारण कोणी सांगत नाही.

सावली आंबा, फणस, वड, करंज यांची घ्या. नारळाखाली बसवू नका: सुकी झावळ आणि नारळ कधी पडेल सांगता येत नाही. पोफळीच्या बागेत बसायचे तर बागायतदाराला विचारून, आणि शिंपण झालेल्या दिवशी नाही. फणसाच्या हंगामात चीक, आंब्यावर तांबड्या मुंग्यांची घरटी, काजूच्या दिवसांत ओल्या बिया, हे आदल्या दिवशी जाऊन बघा. काजूबीच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. मुले ती दगडाने फोडायला जातातच, म्हणून आधीच वेचून बाजूला करा.

सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे पठार, फार चांगली जागा आहे. मोकळे आभाळ, वारा, आणि गणपतीच्या सुमारास कातळावर फुलणारी बारीक रानफुले. पण सकाळी साडेनऊनंतर कातळ तापतो, अनवाणी पाय भाजतात. दुसरे म्हणजे फुरसे हा विषारी साप. ते सुट्या दगडाखाली असते आणि मातीच्या रंगात मिसळून जाते. मुलांना दगड उचलू देऊ नका. दगड लागणार असतील तर मोठ्या माणसाने काठीने उलटून, बघून, आधीच एका जागी आणून ठेवावेत. दंश झालाच तर कापायचे नाही, चोखायचे नाही, घट्ट बांधायचे नाही. मुलाला चालू न देता थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे. त्या केंद्राचा आणि 108 चा नंबर खिशातल्या कागदावर लिहिलेला असावा.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत: उक्षी, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे. मुलांना ती दाखवावीत, शेजारच्या मोकळ्या मातीत काडीने तशा रेघा काढू द्याव्यात. मात्र शिल्पाच्या खाचांत खडू, चुना, रांगोळी भरू नये, फोटोत उठून दिसावे म्हणूनही नाही. त्यावर चालूही नये.

देवराई निवडायची असेल तर गावकऱ्यांना आणि गुरवांना आधी विचारा. बहुतेक राईंत पानही तोडायची रीत नाही. तिथे फक्त ऐकायचे आणि बघायचे काम ठेवा. मुलांना तो नियम आधीपासून माहीत असतो, आणि तो तुम्ही पाळता हे बघून त्यांचा तुमच्यावर विश्वास बसतो.

वेळ, तिथी आणि भरती

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा हे सुरू करू नका. पाऊस, जळवा, निसरड्या पाणंदी आणि लेप्टो तापाची (लेप्टोस्पायरोसिस) भीती. सुरुवातीला चांगला काळ दिवाळीच्या सुट्टीनंतरचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून परीक्षा अंगावर येतात आणि नेमके तेव्हाच मुलांना याची गरज असते, म्हणून ओळख त्याआधी झालेली असावी. दोडामार्ग-सावंतवाडीच्या भागात माकडतापाचे दिवस जानेवारी ते मे. तिथे जंगलाच्या कडेला न जाता शाळेच्या परड्यातच बसा. ‘आनंददायी शनिवार’ हा शालेय उपक्रम ज्या शाळांत चालतो, तिथे तोच तास मागून घेता येतो.

समुद्रावर जायचे असेल तर भरती बघूनच. जुना हिशोब आजही कामाला येतो: तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, आणि तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थी म्हणजे चार, त्याचे पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, सव्वानऊला ओहोटी. म्हणजे सकाळी आठ ते साडेनऊ या वेळात पाणी मागे हटत असते. पुढच्या शनिवारी साधारण एकादशी येते, भरती सव्वाआठला. तो दिवस पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, बसायला वाईट. एक आड एक शनिवार मात्र पाणी जवळपास सारखेच वागते, थोडे आधी. या हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरतीचे कोष्टक बघा आणि आदल्या संध्याकाळी बंदरावर एखाद्या खलाशाला विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लहान मुलांना पुळणीत नेऊच नका.

गट आणि परवानगी

बारा मुले, दोन मोठी माणसे. समुद्राजवळ तिसरे माणूस, आणि त्याने फक्त पाण्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून उभे राहायचे. त्याच्या पलीकडे कोणी जायचे नाही. त्याला फोटो काढायचे काम देऊ नका.

‘प्रॉब्लेम असलेली मुले’ निवडून गट करू नका. गावात ते दोन दिवसांत कळते आणि मुलांवर शिक्का बसतो. अख्खा वर्ग घ्या, किंवा चिठ्ठ्या टाका. ज्या मुलाची काळजी वाटते ते त्यात असेल एवढे बघा, बस.

पालकांच्या चिठ्ठीत चार गोष्टी विचारा: दमा किंवा फिट आहे का, मधमाशीची किंवा कशाची ॲलर्जी आहे का, पाण्याची किंवा पावसाची भीती आहे का, आणि घरात अलीकडे कोणी गेले आहे का. शेवटचा प्रश्न तोंडी विचारला तर बरा. ‘अभ्यास बुडतो’ ही तक्रार येईल. पालकांना पहिल्या शनिवारी येऊन बसू द्या, मात्र स्वतःच्या मुलाशेजारी नाही.

साहित्य

बारा मुलांसाठी: जुनी गोणपाटे सहा, नारळाच्या करवंट्या तीस, पाण्याच्या दोन बादल्या, तांदळाचे पीठ पाव किलो, हळद 50 ग्रॅम, करवंटीचा कोळसा एक मूठ, जाड ड्रॉइंग कागद 30 किंवा खोक्यांचे कापलेले पुठ्ठे, सुंभाचे एक बंडल, दोन कात्र्या, प्रथमोपचाराची पेटी, प्रत्येकी अर्धा लिटर पिण्याचे पाणी. पोफळीच्या गळलेल्या विरी (झावळीच्या बुडाचा रुंद, चामड्यासारखा भाग) मिळाल्या तर कागदाची गरजच नाही. विरीची आतली बाजू गुळगुळीत असते, रंग छान धरते, आणि चित्र बिघडले तर फेकायला काही वाटत नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर जी मुले थिजतात, ती विरीवर बिनधास्त रंगवतात. म्हणून आम्ही आधी विरी, मग कागद असेच सुचवतो.

दीड तासाचा क्रम

पहिली दहा मिनिटे चालत जाणे आणि गोलात बसणे. रोज तेच एक वाक्य बोला: ‘इथे चूक-बरोबर नाही, कोणी कोणाच्या कामाला हात लावायचा नाही, बोलायचे नसेल तर बोलू नका.’ पुढची दहा मिनिटे ऐकणे. मग 45 ते 50 मिनिटे काम. त्यानंतर दहा मिनिटे फिरून एकमेकांचे बघणे, तेही न बोलता. शेवटी हात धुणे, जागा आवरणे, पाणी पिणे, परत. क्रम बदलू नका. अस्वस्थ मुलाला पुढे काय येणार हे माहीत असले की अर्धी धाकधूक तिथेच संपते.

ऐकताना डोळे मिटायची सक्ती करू नका. घाबरलेल्या मुलाला डोळे मिटणे नको असते. ‘मिटा, नाहीतर जमिनीकडे बघा’ म्हणा. पहिल्या शनिवारी याचाच आवाजांचा नकाशा करून घ्या: विरीच्या मधोमध ‘मी’ म्हणून एक ठिपका, मग ज्या दिशेने जो आवाज येईल तिथे एक खूण. पक्ष्याचे चित्र नको, रेघ, ठिपके, नागमोड चालेल. दहा मिनिटांत भारद्वाज, दूरची एसटी, वारा, कोणाच्या तरी घरचा मिक्सर असे सगळे त्यात येते. ही सुरुवात सगळ्यांत सुरक्षित, कारण ‘मला चित्र येत नाही’ म्हणायला जागाच राहत नाही.

मातीचे रंग (दुसरा आणि तिसरा शनिवार)

यावर दोन शनिवार घाला. एकात रंग करायचे, दुसऱ्यात वापरायचे. घाईने एकाच दिवशी उरकले तर कुटणे, चाळणे, ढवळणे हे जे मन शांत करणारे काम आहे तेच पळापळीत जाते.

माती रस्त्याकडेची नको, काचा आणि तेल असते. जांभ्याची तांबडी माती पायवाटेच्या कडेची, भातखाचरातली करडी, वारुळाची मात्र नको. प्रत्येकाने दोन वाट्या आणायची. ऊन देऊन वाळवा, दगडाने कुटा, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून चाळा.

खळ घरी करून न्या: एक वाटी गार पाण्यात एक मोठा चमचा तांदळाचे पीठ गुठळी न ठेवता कालवा, मंद आचेवर ढवळत राहा, पारदर्शक झाली की उतरवा. एवढी चार मुलांना पुरते, म्हणजे बारांना तिप्पट. कोकणच्या दमट हवेत ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून त्याच सकाळची हवी.

प्रमाण: चाळलेली माती तीन चमचे, खळ दोन चमचे, पाणी एक चमचा. खळ कमी पडली तर वाळल्यावर अंगठ्याने रंग पुसला जातो. जास्त झाली तर भेगा पडतात आणि विरी वाकली की पापुद्रे निघतात. पहिला फटकारा एका तुकड्यावर मारून, वाळवून, अंगठा फिरवून बघणे हे काम वर्गातल्या सगळ्यांत चुळबुळ्या मुलाला द्या. त्याला ते आवडते आणि बाकीचे त्याच्याकडे विचारायला येतात.

पांढऱ्यासाठी तांदळाचे पीठ, पिवळ्यासाठी हळद, काळ्यासाठी कोळसा. चुन्याची निवळी वापरायची जुनी पद्धत असली तरी मुलांच्या हातात चुना देऊ नका, डोळ्यांत गेला तर इजा गंभीर होते. आठ-दहा आमसुले अर्ध्या वाटी गरम पाण्यात तासभर भिजवली की लालसर जांभळे पाणी मिळते. हळदीच्या ओल्या पट्ट्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की ती लाल होते. हे शेवटी दाखवा, आधी दाखवले तर कोणी दुसरे काही करत नाही.

कुंचला म्हणून सोडणाचा (नारळाच्या काथ्याच्या सालीचा) बोटभर तुकडा एका टोकाला ठेचून घ्यायचा. त्याने बारीक रेघ येत नाही, तेच हवे. बारीक रेघ आली की मुले पुन्हा डोंगर, सूर्य आणि कौलारू घर काढायला लागतात.

झावळ, पुळण आणि शेवटचा दिवस

चौथ्या शनिवारी गावातल्या एखाद्या आजी-आजोबांना बोलवा. ओल्या झावळीच्या पात्यांची पिपाणी, भिंगरी, टोपी त्यांना येते, तुम्हाला कदाचित येत नसेल. ते बरे, कारण तुम्हीही मुलांबरोबर शिकणाऱ्यांत बसता. पात्याची कड बोट कापते, म्हणून पाते कडेवरून ओढायचे नाही हे आधी दाखवा. आजोबांना एवढेच सांगून ठेवा की कोणाचे चुकले तरी हातातून काढून घेऊन करून देऊ नका.

पाचवा शनिवार पुळणीचा. समुद्र नसलेल्या गावात कोरड्या पऱ्याच्या पात्रात किंवा मोकळ्या अंगणात पाने-पाकळ्यांची मांडणी करा. पुळणीत भरतीची रेघ बघा, जिथे शिंपले आणि काटक्या ओळीने पडलेल्या असतात. तिच्या खालच्या ओलसर घट्ट वाळूत काडीने मोठ्या रेघा काढायच्या: पाच पावलांपेक्षा लहान काही काढायचे नाही, म्हणजे अख्खे शरीर वापरले जाते. घोट्याच्या वर पाणी नाही. निळसर फुग्यासारखे काही पडलेले दिसले तर हात लावू नका, मेलेलेही डसते. शंकूच्या आकाराचे जिवंत शंख उचलू नका. वाळूत कासवाच्या ओढीच्या खुणा दिसल्या तर गट तिथून दूर न्या आणि गावातल्या कासवमित्रांना किंवा वनखात्याला कळवा.

पहिल्यांदा ओहोटीचीच वेळ घ्या, म्हणजे काढलेले निदान मुले निघेपर्यंत राहते. चढत्या पाण्याने चित्र पुसले गेले की काही मुले हसतात, काही रडतात, आणि एखादे मूल लाटेला अडवायला वाळूचा बांध घालत राहते. त्यात वाईट काही नाही, पण ते आधी सांगून व्हावे: ‘पाणी हे नेणार आहे. तुम्हाला बघायचे आहे का, की आधी निघू?’ निवड मुलाची. ज्याच्या घरात नुकते कोणी गेले आहे, त्याला चढत्या पाण्याच्या दिवशी आणू नका.

हेच दरड आणि पुराच्या गावांना लागू. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पूर आला, महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. त्याआधी जून 2020 मध्ये निसर्ग वादळ. अशा गावांतली काही मुले पावसाचा आवाज वाढला की गप्प होतात, दप्तर छातीशी धरतात. तिथे ‘पाऊस’, ‘घर’, ‘नदी’ हे विषय देऊ नका. मुलाने स्वतः काढले तर काढू द्या आणि शेजारी बसा. ‘तेव्हा काय झालं होतं?’ हा प्रश्न तुमचा नाही.

सहाव्या शनिवारी मुलांनी आवडलेले एक काम पुन्हा करायचे. तिसऱ्या शनिवारपासूनच ‘अजून इतके राहिले’ असे मोजून सांगा. न सांगता थांबणारे मोठे लोक काही मुलांनी आधीच पाहिलेले असतात.

काय बोलावे, काय नाही

‘छान’ हा शब्द कमी वापरा. एकाला छान म्हटले की उरलेले अकरा मान वळवून बघतात. दिसते तेवढेच सांगा: ‘तू इथे तांबडा रंग तीनदा दिलास’, ‘ही रेघ कडेपर्यंत गेली’. चित्राचा अर्थ लावू नका. मुलाने सगळे काळे रंगवले तर कोळसा जास्त उरला होता एवढेही कारण असू शकते. स्पर्धा, बक्षीस, प्रदर्शन नको. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर मुलांचे चेहरे आणि चित्रे नको. शाळेच्या गटावर टाकायचे असेल तर फक्त मातीने माखलेले हात.

काम न करणाऱ्या मुलाला काम द्या: पाणी भरणे, विरी वाटणे. दोन शनिवार नुसते बसणारे मूल तिसऱ्या शनिवारी बोट बुडवते, तेव्हा टाळ्या वाजवू नका.

मुलाने काही सांगितले तर

हात कामात असताना मुले अचानक बोलतात. हातातले काम चालू ठेवा, ऐका. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. ‘तुला मदत लागेल तेवढ्याच माणसांना सांगेन’ म्हणा. त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा, तुमचा अंदाज नाही. मरणाची भाषा, अंगावर कापल्याच्या खुणा, कोणी नको तसा स्पर्श केल्याचे सांगणे: यांत मुलाला एकटे सोडायचे नाही आणि मुख्याध्यापकांना तासाभरात कळवायचे. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. घरच्यांशी ‘मिटवून’ घ्यायचा पर्याय नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. मुलांच्या संकटासाठी 1098. दोन आठवड्यांहून जास्त झोप, जेवण, खेळ सुटलेले मूल दिसले तर पालकांशी बोला आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाचा दिवस विचारून द्या. घरचे देवाला गाऱ्हाणे घालणार असतील तर त्यांना हिणवू नका. गाऱ्हाणे घाला, आणि सोमवारी डॉक्टरकडेही चला, असे म्हटले तर बहुतेक घरे येतात. शक्य असेल तर सोबत जा. एसटीचे तिकीट आणि बुडणारी मजुरी या दोन अडचणी आधी विचारा.

वहीत दर शनिवारी चार ओळींपेक्षा जास्त लिहू नका: कोण आले, कोण आले नाही, कोणी कोणाशेजारी बसले, काय उरले. सलग दोनदा न आलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या शनिवारच्या आत जाऊन या, हातात त्याची अर्धी रंगवलेली विरी घेऊन. कामे मुलांना घरी द्या. कोणाला नकोच असेल तर ती विरी त्याच झाडाच्या आळ्यात टाकायची, पावसात कुजून हळूहळू तिचे खत होते.